मदत हवी आहे: मुलाच्या स्वादुपिंडाजवळ गाठ, ऑपरेशन करावं की थांबावं?

कृष्णाकाठ: स्यूडोसिस्ट म्हणतात, म्हणजे स्वादुपिंडाचा रस साचून झालेली गाठ, ९ सेंमी. एक सर्जन म्हणतात लगेच उघडू, दुसरे म्हणतात थांबा. उद्या सकाळी सांगायचंय. कुणी यातून गेलंय का? प्लीज लवकर.

निशिगंध: वय? कशामुळे झालं? सीटी झालाय का?

कृष्णाकाठ: वय ८. सायकलवरून पडला, हँडल पोटात घुसलं. बेंबीच्या वर नाण्याएवढा काळानिळा वण, बाकी काही नाही. नंतर उलट्या. सीटी झालाय, रक्तात अमायलेज (स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य) वाढलंय.

वसंतकाका: मला पित्ताचे खडे होते. तेलकट बंद केलं, बरं वाटलं.

ओटी_सिस्टर: काका, हे वेगळं आहे. ताई, पडून किती दिवस झाले? सगळं त्यावर आहे. या गाठीला स्वतःचं अस्तर नसतं, शेजारच्या अवयवांचीच भिंत होते. ती टाके धरण्याइतकी घट्ट व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आधी शिवायला गेलं तर ओल्या कागदासारखी फाटते.

पराग_पुणे: एवढं कशाला? बाहेरून सुईने पाणी काढायचं. माझा भाचा दोन दिवसांत घरी आला.

ओटी_सिस्टर: स्वादुपिंडाची मुख्य नळी फाटली असेल तर गाठ पुन्हा भरते आणि सुईची वाट वाहत राहू शकते. पू झाला असेल तर गोष्ट वेगळी. आधी एमआरसीपी, म्हणजे या नळ्यांचा एमआरआय, करून नळी शाबूत आहे का बघा.

पराग_पुणे: भाचा आज क्रिकेट खेळतो, एवढंच सांगतो.

ओटी_सिस्टर: त्याची नळी शाबूत असेल. मुलांच्या बऱ्याच गाठी आपोआपही जिरतात.

रानवाटा: हँडलच्या उघड्या टोकांना रबरी टोप्या बसवा हो सगळ्यांनी!

कृष्णाकाठ: आज १९ दिवस. ताप नाही. नाकातून आतड्यापर्यंत नळी घालून दूध देतायत. रोज वरणभात मागतो, बघवत नाही. थांबलो आणि फुटली तर?

ओटी_सिस्टर: म्हणून घरी नाही, डॉक्टरांच्या नजरेखाली थांबायचं, सोनोग्राफी करत. ताप, रक्ताची उलटी, कावीळ, अचानक जोरात पोटदुखी, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी लगेच डॉक्टरांना बोलवा. गाठ राहिलीच तर जठराच्या मागच्या भिंतीतून तिला आत वाट करून देतात, तोंडातून एंडोस्कोपीने किंवा पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने.

निशिगंध: जन आरोग्य योजनेत बसतं का, तेही विचारून ठेवा.

कृष्णाकाठ: एमआरसीपीचं विचारलं. उद्या १० वाजता करतायत, तोवर ऑपरेशन थांबवलंय. रिपोर्ट आला की इथेच लिहिते. सिस्टर, उद्या याल ना?