मदत हवी आहे: लहान मुलांचा संधिवात वर्गमित्रांना कसा समजवावा?

फोंड्याजवळच्या शाळेत पहिली-दुसरीसाठी 20 मिनिटांचं सत्र बसवतोय. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर हल्ला करते. त्यासाठीची ‘राखणदार घरच्यांनाच चोर समजतो’ ही उपमा गोव्यात उलटते. राखणदार म्हणजे गावचा देव, मग मुलं ‘देव कोपला, चूक माझीच’ असा अर्थ काढतात. म्हणून फुटबॉल घेतलाय: बचावपटू जर्सीचा रंग चुकतो, आपल्याच खेळाडूला धडकतो, त्याचा गुडघा सुजतो. औषध त्याला मैदानाबाहेर काढत नाही, शांत करतं. हात धरल्याने हा आजार लागत नाही, हे तर दोनदा सांगायचं.

खरी अडचण सकाळच्या ताठरपणाची. प्रार्थनेला लंगडणारं मूल दुपारी धावतं, आणि ‘नाटक करता’ असं ऐकून घेतं. त्यासाठी तर्जनी आणि अंगठ्याला क्रेप बँडेजचे तीन सैल वेढे देऊन शर्टाचं बटण लावायला लावतो. बटण निसटतं, मुलं चिडतात. तेव्हाच सांगायचं, ‘बँडेज दिसतं, सूज आतली दिसत नाही.’

अडलंय ते एका प्रश्नावर: ‘हा बरा कधी होणार?’ काहींचा आजार शांत होतो, काहींचा परत उसळतो. खोटी तारीख न देता, सहा वर्षांच्या मुलाला पटेल असं एका वाक्यात कसं सांगाल? कोंकणीतलं वाक्यही चालेल.