गावासाठीचं अनुदान: आधी गावाचा कागद की आधी प्राध्यापकाचा प्रश्न?
(ही चर्चा आहे; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खातेवही (मूळ मुद्दा)
उच्च शिक्षण संस्थांना गावांशी जोडणारं केंद्राचं उन्नत भारत अभियान 2014 मध्ये सुरू झालं, आणि महाविद्यालयाने निदान पाच गावं निवडायची ही पद्धत त्यातून रुळली. राज्यात 2016 पासून त्याच धर्तीचं उन्नत महाराष्ट्र अभियानही आहे. तरी प्राध्यापकाला गावाच्या कामासाठी मिळणारं छोटं अनुदान, लाखाच्या आसपासचं, बऱ्याचदा एका अहवालावर संपतं. म्हणून दोन अटी सुचवतो.

पहिली: निकाल वापरणाऱ्याचं पत्र प्रस्तावासोबतच हवं. पाणीपुरवठा उपविभाग असो, कृषी कार्यालय असो की ग्रामपंचायत, "अमुक आकडा मिळाला तर अमुक निर्णय घेऊ" असं कोणीतरी सही करून द्यावं.

दुसरी: मुदत 24 महिने, म्हणजे दोन पावसाळे. बंधाऱ्याचा विहिरींवर काय परिणाम झाला, हा नेहमीचा विषय घ्या. मंजुरी डिसेंबरात येते, पैसे फेब्रुवारीत, आणि 31 मार्चला हिशेब मागतात. पातळीच्या दोन नोंदी लागतात, एक मे अखेरची आणि एक ऑक्टोबरची. वर्षभरात ही जोडी एकदाच मिळते, आणि एका जोडीवरून बंधाऱ्याचं श्रेय किती आणि त्या वर्षीच्या पावसाचं किती हे वेगळं काढता येत नाही. त्यात मोजणीची हयगय असते. काठावर रंगाची खूण करून दरवेळी तिथूनच टेप सोडायला हवी, तीही सकाळी, पंप सुरू व्हायच्या आधी. उपसा थांबून तासभरच झाला असेल तर विहीर अजून भरत असते. ती नोंद वहीत गेली की पुढचं सगळं गणित बिघडतं.

शेवटचा नळ
दुसरी अट मान्य. पहिलीला माझा ठाम विरोध आहे.

पत्र देणारं कार्यालय त्याला सोयीचा तेवढाच प्रश्न मागेल. जल जीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज 55 लिटर आहे. 2,000 वस्तीला रोज 1,10,000 लिटर. पंप आठ तास चालला तर ताशी 13,750 लिटर चढायला हवेत. हे आकडे आराखड्यात जुळलेले असतात आणि टाकीही भरते, पण वाडीच्या टोकाच्या घरात काय येतं ते कोणी पाहत नाही.

पाहायला फारसं काही लागत नाही. 10 लिटरची बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. बादली दोन मिनिटांत भरली तर प्रवाह मिनिटाला 5 लिटर. पाच माणसांच्या घराला 275 लिटर हवेत, म्हणजे नळ 55 मिनिटं चालला पाहिजे. पाणी 40 मिनिटंच सोडत असतील तर त्या घराला 200 लिटर मिळतात. टाकीजवळच्या, मधल्या आणि टोकाच्या नळांवर, निदान तीन वेगवेगळ्या दिवशी, पाणी सुटल्यावर दहा मिनिटांनी मोजायचं. सोबत दाबमापक लावला तर कारणही कळतं. टाकीची उंची पुरेशी असूनही टोकाला दाब नसेल तर बहुधा वरच्या आळीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो, किंवा नळांना थेट मोटारी लावलेल्या असतात. क्लोरीन तिथेच तपासावं, टोकाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम शिल्लक हवं.

योजना कागदावर पूर्ण झाली असताना या तपासणीचं पत्र कोणतं कार्यालय देईल? प्राध्यापक बाहेरचा असतो, आणि त्याचा उपयोग तोच आहे.

जोडकाम
पाण्याच्या मोजणीला पत्राशिवाय चालेल, पण वस्तू बसवायची असेल तर खातेवहींचंच बरोबर आहे. गावात बऱ्याचदा बंद पडलेली दिसणारी वस्तू म्हणजे सौर वाळवणी यंत्र. अनुदानातून सांगाडा, ट्रे, 12 व्होल्टचा पंखा आणि वरचा प्लास्टिकचा कागद एवढं बसतं. पहिल्या हंगामात छान चालतं. मग धुळीने पंख्याचं बेअरिंग जातं, कांद्याच्या रसाने साध्या लोखंडी जाळीचे ट्रे गंजतात, अतिनील संरक्षण नसलेला कागद उन्हाने चिरतो. पंखा किरकोळ किमतीचा, पण तोवर खातं बंद झालेलं असतं आणि बदलायचा कोणी हे ठरलेलंच नसतं.

शिवाय 10 किलो कांद्याच्या कापांचे वाळून दीड किलोही होत नाहीत. घेणारा व्यापारी पोत्याने मागतो. घेणारा कोण आणि दुरुस्ती कोणाकडे, हे दोन्ही कागदावर नसेल तर यंत्र बसवूच नये. माझ्या मते एकूण रकमेच्या 15 टक्के दुरुस्तीसाठी बचत गटाच्या नावावर आधीच बाजूला काढावेत.

जमाखर्च
आधीच बाजूला काढता येत नाहीत, अडचण तिथेच आहे. केंद्राच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्चले याचा दाखला, 12-अ नमुन्यात द्यावं लागतं. न खर्चलेली रक्कम शिल्लक दिसते आणि तिच्यावरचं व्याजही परत भरायचं असतं. दुरुस्तीची रक्कम वाचवायची असेल तर मंजुरी आदेशातच "दुसऱ्या वर्षाची देखभाल" असं खर्चाचं वेगळं शीर्ष मागून घ्या. नंतर मागितलं तर मिळत नाही.

दुसरी गोष्ट, गावातल्या प्लंबरची साधी पावती लेखा शाखा फेटाळते आणि जीएसटी बिल आणायला सांगते. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीच सक्तीची नाही. प्रस्तावात "स्थानिक नोंदणी नसलेले कारागीर" अशी ओळ घालून कुलसचिवांची मान्यता आधी घ्या. नाहीतर शहरातला ठेकेदार येतो, आणि पुढे गावात तो व्हॉल्व्ह उघडता येणारा माणूस राहत नाही.

गुणपत्रक
अटी वाढवताना प्राध्यापकाच्या बाजूचं गणितही मांडा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत प्राध्यापकाच्या निवडीत-बढतीत धरल्या जाणाऱ्या गुणांपैकी 10 लाखांखालच्या पूर्ण प्रकल्पाला 5 गुण आहेत. विज्ञान शाखेतल्या एका शोधनिबंधाला 8, मानव्यविद्येत 10. दोघांनी मिळून प्रकल्प केला तर गुण निम्मे-निम्मे, म्हणजे अडीच. दोन पावसाळे विहिरी मोजून अडीच गुण मिळणार असतील तर तरुण प्राध्यापक हे काम का घेईल? पत्राची अट घालायची तर ते पत्र आणि त्यावर झालेला निर्णय यांना गुण द्या, तरच अर्ज येतील.

खातेवही
शेवटचा नळ यांचा मुद्दा पटला, म्हणून अट बदलतो. मोजणीच्या कामाला कार्यालयाच्या पत्राऐवजी ग्रामसभेचा ठराव चालावा. वस्तू बसवायची असेल तर पत्र हवंच, देखभालीच्या शीर्षासह.

शेवटचा नळ
ठरावही मला पुरेसा वाटत नाही. ग्रामसभेची गणपूर्ती (कोरम) 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी जे कमी ते. टोकाच्या वाडीवरच्या बाया पाण्याच्या वेळेला सभा सोडून घरी गेलेल्या असतात. आधी महिला सभेत विषय घ्या, बादलीची मोजणी तिथेच करून दाखवा, आणि तो आकडा ठरावात लिहून घ्या. एवढं होणार असेल तर ठरावाला माझी हरकत नाही.