गणित घेणारी मुलं आधी कमी झाली की शिक्षक?

समीकरण:
राज्य अभ्यासक्रम आराखड्यातली ती तरतूद एव्हाना सगळ्यांना पाठ झाली असेल. दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी, पण निदान २० गुण असले तर मुलापुढे दोन रस्ते. पुन्हा परीक्षा द्यायची, नाहीतर गुणपत्रिकेवर शेरा घेऊन अकरावीला जायचं. मात्र पुढे गणित-विज्ञानाचे विषय मिळणार नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही बातमी आली तेव्हा 'दर्जा गेला' आणि 'ताण गेला' अशा दोन पार्ट्या पडल्या. मंडळाने तेव्हा सांगितलं की हे लगेच नाही, नवा अभ्यासक्रम येईल तेव्हा.

मला वेगळ्याच गोष्टीवर बोलायचं आहे. गणित सोडणाऱ्या मुलांची चर्चा झाली; ती गेल्यावर मागे राहिलेल्या शिक्षकाच्या पदाचं काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात पद मंजूर होतं ते कार्यभारावर, म्हणजे आठवड्याच्या तासिका मोजून. वाणिज्य शाखेत मुलाला गणित किंवा 'चिटणीसाची कार्यपद्धती' यांतला एक विषय निवडता येतो. विज्ञान शाखेत नीटवाली मुलं गणित सोडून दुसरं काहीतरी घेतात. कला शाखेत गणित घेता येतं, हे तर अनेक पालकांना माहीतच नाही. तालुक्याच्या कॉलेजात गणिताची मुलं वीसेकवर आली की तासिका घटतात, पूर्णवेळ पद अर्धवेळ होतं, सर निवृत्त झाले की तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं, आणि दोन-तीन वर्षांनी प्रवेशपुस्तिकेतून विषयच गायब. मग ज्या मुलीला बी.कॉम.नंतर सांख्यिकीकडे वळायचं होतं, तिला अकरावीलाच शहर गाठावं लागतं. आणि सरकारी कागदावर काय येतं? 'विषयास मागणी नाही.'

शाळेत तर गणिताचा शिक्षक असा वेगळा नसतोच. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित मिळून निदान एक शिक्षक सांगितला आहे. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, दुसऱ्या पेपरमध्येही गणित-विज्ञान एकत्र, ६० गुणांना. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या बाई या चौकटीत चपखल बसतात. त्या प्रकाशसंश्लेषण सुरेख शिकवतात आणि बैजिक राशींचे अवयव गाईडमधून उतरवून देतात. त्यांचा दोष नाही, पदाची व्याख्याच तशी आहे.

माझी मागणी: माध्यमिक शाळेत गणिताचं एक पद पटसंख्येपासून सोडवा. कनिष्ठ महाविद्यालयात मुलं कमी झाली तरी गणिताच्या पदाला पाच वर्षं हात लावू नका. आधी शिक्षक द्या, मग मुलं गणित घेतात की नाही ते बघू.

निवृत्त गुरुजी, परभणी:
समीकरणराव, तुमचं दुखणं खरं आहे, पण तुम्ही पट्टी चुकीच्या जागी बांधताय. मी सारी नोकरी आठवी ते दहावी गणित शिकवलं. नववीत येणाऱ्या पोराला अपूर्णांकांची बेरीज येत नसेल, तर बी.एस्सी. गणित सोडा, पीएच.डी. शिक्षक दिला तरी तो भूमितीचं प्रमेय काय कपाळ शिकवणार? खरी गळती चौथी-पाचवीत आहे. तिथे एका शिक्षकाकडे दोन-दोन, तीन-तीन वर्ग, आणि वरून मतदार याद्या.

२० गुणांचं म्हणाल तर मी सरळ विरोधात आहे. शंभरातले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. ते शाळा कसे देते हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे बीजगणित आणि भूमितीच्या चाळीस-चाळीसच्या पेपरांत पोरानं जवळपास काही लिहिलं नाही तरी तो पुढे! मग दोन पेपर छापता कशाला?

अनुजा_चिंचवड:
गुरुजी, आदर ठेवून विचारते. ज्या मुलाला पुढे चित्रकला किंवा हॉटेलची लाइन घ्यायची आहे, त्याने वर्तुळाच्या स्पर्शिकेपायी वर्ष का घालवायचं? २०१७ मध्ये उच्च न्यायालयानेच विचारलं होतं की गणित ऐच्छिक करता येईल का. आणि पूर्वी सामान्य गणित होतंच की. ते नववीला २०१७-१८ पासून आणि दहावीला त्याच्या पुढच्या वर्षी आपल्या मंडळाने बंद केलं. सीबीएसईने नेमकं त्यानंतर दहावीला सोपं आणि नेहमीचं असं दोन पातळ्यांचं गणित आणलं. ते हुशार आणि आपण दर्जा पाडणारे, असं कसं?

निवृत्त गुरुजी, परभणी:
सामान्य गणित असताना शाळा काय करायच्या ते मी पाहिलंय, ताई. निकाल शंभर टक्के लागावा म्हणून चांगली चाललेली पोरंसुद्धा तिकडे ढकलायच्या. पोराला अकरावीत कळायचं की दार बंद आहे.

समीकरण:
गुरुजी, हे तर माझ्याच बाजूचं झालं. शाळेला निकाल हवा, शिक्षक नाही, म्हणून पोर सोप्या विषयाकडे ढकललं जातं. २० गुणांच्या शेऱ्याचंही तेच होणार. ज्या शाळेत गणिताला माणूस नाही, तिथली मुलं शेरा घेऊन बाहेर पडतील, आणि त्याला 'मुलाची निवड' म्हटलं जाईल.

सचिव_ग्रामीण_संस्था:
मी एका छोट्या संस्थेचं काम बघतो. इथे पदाची चर्चा हवेत चालली आहे म्हणून जमिनीवरचं सांगतो.

पद ठरतं संचमान्यतेत. पट टाकायचा, वरून पदं येतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष असे कडक केले की वरच्या वर्गांत वीसच्या आतला पट असलेल्या शाळांवर सरळ गदा आली. त्या सप्टेंबरात शिक्षक सामूहिक रजेवर गेले ते उगाच नाही. वाड्यावस्त्यांवरच्या शाळेत तीन वर्गांना मिळून एक माणूस उरत असेल, तर तो गणिताचा की मराठीचा ही चैन आहे. तो भूगोलही शिकवतो आणि पोषण आहाराची नोंदही तोच करतो.

दुसरं, पैसा. अनुदानित शाळेला शासन पगार देतं, तोही टप्प्याटप्प्याने: २० टक्के, ४० टक्के, ६० टक्के. त्यासाठी शिक्षकांना आझाद मैदानात बसावं लागतं, अगदी जुलै २०२५ मध्येही बसले. वेतनेतर अनुदानात वीजबिल निघालं तरी नशीब. ४० टक्क्यांवरचा गणिताचा शिक्षक संध्याकाळी क्लास घेणार नाही तर काय करणार? आणि क्लास चांगला चालला की शाळा सोडणार. माझ्याकडचे दोन चांगले शिक्षक असेच गेले. शिव्या कुणाला द्यायच्या?

टेट_टेट_टेट:
संस्थेचे सचिव बोलले, आता बेकाराचं ऐका. एम.एस्सी. गणित, बी.एड., टीईटी पास, भरतीची अभियोग्यता चाचणी दोनदा दिली. मे २०१२ पासून भरती बंद. शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आलं २०१७ ला, त्यातून पहिली नेमणूक २०१९ ला. पुढची चाचणी २०२३ ला, नेमणुका २०२४ ला. या मधल्या वर्षांत आमच्या वयाचं काय झालं?

आणि लागलाच नंबर तर तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे ठरावीक मानधनावर. माध्यमिकला महिना १८ हजार. तेही जानेवारी २०२३ पासून. त्याआधी ८ हजार होते. शहरात जेईईच्या क्लासमध्ये शंका सोडवायला बसणारा पोरगा याहून जास्त घेतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तर कमी पटाच्या शाळांवर १५ हजारांत कंत्राटी माणूस ठेवायचं फर्मान निघालं होतं, पुढे मागे घ्यावं लागलं. 'गणिताचे शिक्षक मिळत नाहीत' म्हणणाऱ्यांनी आधी ही रक्कम मोठ्याने वाचावी.

अनुजा_चिंचवड:
+१. हे वाचून गप्प झाले.

लेस्टरकर:
मी इंग्लंडात माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, म्हणून थोडं इथलं. इथे ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीच्या पातळीला, सर्वाधिक घेतला जाणारा विषय गणितच आहे, वर्षाला लाखाच्या वर मुलं बसतात. हे आपोआप झालेलं नाही. १६ नंतर गणित घेणाऱ्या प्रत्येक वाढीव मुलामागे शाळेला जादा पैसे मिळतील अशी योजना सरकारने काढली. सुरुवात ६०० पौंडांनी झाली. म्हणजे गणिताचा वर्ग वाढवला की शाळेचा तोटा होत नाही. समीकरण म्हणतात त्या चक्राला उलटं फिरवायचा हा एक प्रकार.

पण भाबडे होऊ नका. शिक्षक मिळवण्यात इथेही बोंब आहे. गणिताच्या प्रशिक्षणार्थींचं उद्दिष्ट वर्षानुवर्षे अपुरं राहिलं. म्हणून शिकाऊ गणित शिक्षकाला २०२५-२६ साली २९ हजार पौंड करमुक्त भत्ता ठेवला. काही जण तो भत्ता घेतात, वर्षभर शिकतात आणि वर्गात टिकत नाहीत. शिवाय शिकाऊ असताना मिळणारा भत्ता आणि नोकरीतला पहिला पगार यांत हातात येणारा फरक फारसा उरत नाही, हा वेगळाच विनोद.

गुरुजींच्या ३५ च्या आग्रहाबद्दलही एक सांगतो. इथे सोळाव्या वर्षी गणितात ग्रेड ४, म्हणजे पास होण्याइतकी श्रेणी, नाही मिळाली तर अठरापर्यंत गणित सुटत नाही, पुन्हा पुन्हा बसावं लागतं. बहुतेक मुलं पुन्हाही तिथेच अडकतात, कारण शिकवण्याची पद्धत तीच असते आणि पुनर्परीक्षेच्या वर्गाला अनुभवी शिक्षक क्वचितच मिळतो. तेव्हा नुसती अट घट्ट केल्याने गणित येत नाही.

निवृत्त गुरुजी, परभणी:
तुमच्याकडे मूल नापास झालं तरी विषय सोडत नाहीत, आमच्याकडे सोडायची परवानगी देतात. मला तुमची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. निकाल वाईट लागतो ते दिसतं तरी!

जमाखर्च:
सगळ्यांचं वाचलं. आता न आवडणारं लिहितो. (लेखापरीक्षणात आयुष्य गेलं, सवय आहे.)

गणिताचं पद पटापासून सोडवा म्हणता. उद्या इंग्रजीवाले येतील, परवा इतिहासवाले. पुढे क्रीडा शिक्षक, कला शिक्षक. आणि त्यांचं रडगाणं तर गणितापेक्षा जुनं आहे. तिजोरी एकच आहे. शिक्षण खात्याचा पैसा बहुतांश पगारातच जातो, हे सचिवसाहेबही नाकारणार नाहीत. पटाशी बांधलेलं पद हे वाईट मोजमाप असेल, पण मोजमाप आहे. २०११ च्या पटपडताळणीत कागदावरची मुलं सापडली, म्हणून तर २०१२ ची बंदी आली. आता २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं (शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतल्या ओळख क्रमांकांचं) प्रकरण निघालं: कागदावरचे शिक्षक आणि खरे पगार. अशा व्यवस्थेत 'मुलं असोत नसोत, पद राहील' असा नियम केला की पहिल्या वर्षी गणिताची पदं दुप्पट होतील आणि त्यांतली निम्मी कुणाच्या तरी मेहुण्याला जातील.

इंग्लंडची योजनाही नीट बघा. तिथे पैसा वाढलेल्या मुलांमागे जातो, रिकाम्या वर्गामागे नाही. समीकरण मागतात ते याच्या बरोबर उलट आहे.

समीकरण:
जमाखर्च, शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धाच. वाढीव मुलामागे पैसा द्यायला आधी वर्ग चालू असावा लागतो. गेवराई किंवा जव्हारमध्ये विषयच बंद झाला असेल तर वाढ कशावर मोजणार? शून्यावर टक्केवारी निघत नाही.

आणि इतर विषयांवर अन्याय होतो म्हणाल, तर गणिताचं ओझं सरकारनेच वेगळं करून ठेवलंय. अभियांत्रिकीच्या सीईटीत गणिताला एकट्याला १०० गुण, भौतिक आणि रसायन मिळून १००. राज्य ज्या विषयाला प्रवेशाचा दरवानच करतं, त्याचा शिक्षक तालुक्यात ठेवायची जबाबदारी कुणाची? लातूरला किंवा पुण्याला क्लास लावू शकणाऱ्यांनीच आत जायचं का?

भ्रष्टाचाराबद्दल वाद नाही. पण बोगस आयडी निघाले ते पटाशी बांधलेल्या पदांच्या व्यवस्थेतच ना?

टेट_टेट_टेट:
जमाखर्च साहेब, मेहुण्याला पद जाऊ नये म्हणून आमच्यासारख्यांनी पोर्टलवर परीक्षा दिली. तरी खाजगी संस्थांना मुलाखत घेऊन निवडायचा 'मुलाखतीसह' नावाचा रस्ता उघडा ठेवलाच. तो बंद करा म्हणून तुम्ही किती वेळा लिहिलंत?

जमाखर्च:
लिहिलंय, शेरा मारलाय, फाइल बंद झाली. ते सोडा. समीकरण, मी तुमच्या मागणीत बदल सुचवतो. पद शाळेला देऊ नका, गटाला द्या. पंचायत समितीच्या पातळीवर गणिताचे चार-पाच शिक्षक, लहान शाळांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत वाटून. पट गटाचा मोजा. खर्च आवरतो आणि शाळेत गणिताचा माणूस आठवड्यातून दोन दिवस तरी दिसतो.

सचिव_ग्रामीण_संस्था:
कागदावर छान. पण खाजगी संस्थेतला शिक्षक झेडपीच्या शाळेत कोणत्या नियमाने जाणार? त्याची सेवापुस्तिका कुणाकडे? जूनमध्ये अतिरिक्त ठरला तर समायोजन कुठे? दोन शाळांमधलं अंतर तीस किलोमीटर आणि एसटी दिवसातून दोनदा, त्याचा प्रवासभत्ता कोण देणार? आणि दहावीचा निकाल पडला तर नोटीस कोणत्या मुख्याध्यापकाला?

निवृत्त गुरुजी, परभणी:
नोटीस मुख्याध्यापकालाच येते हो, शिक्षक कुणाचाही असो. पण मला जमाखर्चांची गोष्ट पटली. मात्र ते चार-पाच जण आधी पाचवी-सहावीला लावा. दहावीला नंतर.

समीकरण:
पाचवीपासूनच लावू, मान्य. पण तालुक्याच्या कॉलेजातला बारावीचा गणिताचा वर्ग त्यातून वगळला जाणार असेल तर माझा विरोध कायम. सचिवसाहेब, सेवापुस्तिका गटशिक्षणाधिकाऱ्याकडे आणि प्रवासभत्ता पंचायत समितीच्या लेखाशीर्षातून, असं धरून चाललं तर तुमची संस्था अशा शिक्षकाला तासिका देईल का? हो किंवा नाही एवढंच सांगा.

सचिव_ग्रामीण_संस्था:
लेखी आदेश असेल तर हो. तोंडी असेल तर नाही.