मदत हवी आहे: अण्णांचं खो-खोचं मैदान 3 महिने (आणि त्यापुढे) कसं चालवायचं?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकच्या सिडकोत वाढले, आता इंदिरानगरला राहते, पतसंस्थेत नोकरी आणि घरात सहा वर्षांचा एक उपद्व्यापी मुलगा. शाळेत असताना 2005 ते 2010 अण्णांकडे खो-खो खेळले. अण्णा म्हणजे कोणी पीटीचे सर नाहीत आणि एनआयएस (कोचिंगचा सरकारी कोर्स) केलेले कोच पण नाहीत, अंबडला एका कारखान्यात फिटर होते, रिटायर होऊन आता 9 वर्षं झाली. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी मैदानात, सेकंड असली की पहाटे साडेपाचला, आणि नाईट असली की झोपायचं सोडून मैदानात. हे गेली तीसेक वर्षं चालू आहे, एक रुपया फी नाही.

आता दोन्ही गुडघे गेलेत. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की 3 महिने मैदानाचं नावच काढायचं नाही आणि नंतरही पळापळ बंद. काकूंचा मला फोन आला, म्हणाल्या "तू तरी समजाव बाई, तारीख दोनदा पुढे ढकललीये, म्हणतात पोरांची जिल्हा स्पर्धा होऊन जाऊ दे". स्पर्धा काय, एक झाली की दुसरी असतेच ना.

तर आम्ही जुने 6-7 खेळाडू भेटलो, चहा झाला, जोरात ठरवलं की आपण चालवू, आणि दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की नक्की काय चालवायचं हेच आम्हाला माहीत नाही. खो कसा द्यायचा, पोल डाइव्ह (खांबापाशी सूर) कशी मारायची, साखळी कशी धावायची हे शिकवू शकतो हो. पण अण्णा त्याशिवाय जे करतात ते कुठे लिहिलेलंच नाही. म्हणजे बघा, मैदानाला पाणी मारणं आणि फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) टाकणं हे तर दिसतं. पण गणपती-नवरात्रात तिथे मांडव पडतो, तो निघाल्यावर मातीत खिळे राहतात, तर अण्णांनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काठीला बांधलंय आणि ते घेऊन पट्ट्यापट्ट्याने अख्खं मैदान फिरतात, दोन-दोन दिवस. अनवाणी सूर मारणाऱ्या पोरांना कधी खिळा लागला नाही याचं कारण ते चुंबक, हे मला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी कळलं. सिन्नर, येवला, मनमाडला मॅच असली की ठक्कर बाजारच्या बसस्टँडवर पहाटे सगळ्यांच्या आधी हजर, प्रत्येकाचा डबा आहे का बघणार, परतायला रात्र झाली तर एकेका पोरीला दारात सोडूनच घरी जाणार. आणि वडिलांची समजूत काढणं तर वेगळंच खातं. माझ्या वडिलांनी ट्रॅकपँट घालून खेळायला नाही म्हटलं होतं, अण्णा सलग 4 रविवार घरी आले, खो-खोचा विषयच काढला नाही, पाचव्या रविवारी वडील स्वतःच म्हणाले घेऊन जा. 2010 ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतला 10,000 मीटरमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हा तर त्यांना हत्यारच मिळालं, मैदानात पेढे वाटले आणि मग ज्या घरी जायचे तिथे "सावरपाड्याची पोर डोंगर उतरून दिल्लीला पोचली, तुमची पवननगरवरून मैदानात नाही येऊ शकत का?"

तर प्रश्न असे आहेत.

आमचं मंडळ म्हणजे एक रबरी शिक्का. नोंदणी नाही, बँक खातं नाही, कोणी काही दिलं तर अण्णांच्या सेव्हिंगला. एका कंपनीतला जुना खेळाडू म्हणतोय सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीतून) मॅट मिळवून देतो (आता मोठ्या मॅचेस मॅटवर होतात, आमची मातीतली पोरं मॅटवर गेली की घसरतात). त्यासाठी नोंदणी लागते म्हणे, ती कशी करायची? दुसरं, जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपले दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले, कॅप्टन प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे, त्यानंतर मैदानात एकदम 20 ची 50 पोरं झाली, त्यात निम्म्या मुली, आम्ही नोकरीवाले लोक रोज संध्याकाळी साडेपाचला कसे पुरणार? आणि तिसरं, जे मला सगळ्यात अवघड वाटतंय, हे सगळं अण्णांना असं न वाटू देता कसं करायचं की यांनी आपल्याला बाजूला बसवलं? परवा एकाने नुसतं म्हटलं "अण्णा आता आराम करा", तर ते काही बोलले नाहीत, फक्कीचा डबा उचलून निघून गेले.

नाशिकरोडचे मास्तर

मी 31 वर्षं शाळेत पीटी शिकवली म्हणून अधिकाराने सांगतो. पहिलं म्हणजे आराम हा शब्द काढू नका. दुसरं, शालेय स्पर्धेत (14, 17, 19 वर्षांखालील) तुमच्या मंडळाच्या नावाने एंट्री जात नाही, ती शाळेमार्फत जाते, म्हणजे तुमच्या 50 पोरांच्या जितक्या शाळा असतील तितक्या पीटी टीचरांशी अण्णांचं बोलणं असणार. त्यांची यादी आणि फोन नंबर ऑपरेशनच्या आधी उतरवून घ्या. बोनाफाईड, आधार, जन्मदाखला यांच्या झेरॉक्स कुठे ठेवतात ते बघा, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक निघाला तरी ऐन मॅचच्या सकाळी पोरगं बाहेर बसतं, मी रडलेली पोरं पाहिलीत. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी सर्टिफिकेटं लागतात ती पण सांभाळून ठेवा. आणि खांब पक्के आहेत ना? जमिनीच्या वर 120 ते 125 सेंमी हवेत, बऱ्याच मैदानांवर गाडून गाडून बुटके झालेले असतात.

आकडेमोड

नोंदणीचं मी सांगतो, हेच काम करतो. कमीत कमी 7 माणसं लागतील. आपल्या राज्यात 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीखाली नोंद होते, काम धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात. घटना-नियमावली लिहा, कोणाची तरी कॉपी मारू नका, मागे एकांनी गोशाळेची मारली होती आणि उद्देशात चारा छावणी तशीच राहिली. नोंदणी झाली की पॅन, बँक खातं, दरवर्षी हिशेब तपासून घेणं, आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट. हा चेंज रिपोर्ट लोक विसरतात आणि 15 वर्षांनी कागदावर स्वर्गवासी मंडळीच कार्यकारिणीत सापडतात.

सीएसआरचा पैसा मात्र लगेच विसरा. त्याला 12ए, 80जी (दोन्ही आयकर सवलतीच्या) आणि सीएसआर-1 (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) ची नोंदणी लागते, शिवाय संस्थेचं तशा कामाचं 3 वर्षांचं रेकॉर्ड बघतात. तोवर एखाद्या जुन्या नोंदणीकृत व्यायामशाळेला विचारा, मॅट त्यांच्या नावावर येऊन तुम्हाला वापरायला मिळते का ते. अण्णांच्या खात्यातला मंडळाचा पैसा आजच कागदावर वेगळा लिहा, त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही, उद्या काकूंना कोणी प्रश्न विचारू नये म्हणून.

खवट गोदाकाठी

राग मानू नका पण विचारतो. 7 जण चहाला जमले, 3 महिन्यांनी किती उरतील? आमच्या पंचवटीत असंच एक मैदान होतं, तिथले काका गेले, जुन्या खेळाडूंनी व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, ग्रुप अजून आहे, गुड मॉर्निंगचे फोटो रोज येतात, मैदानात गाड्या लागतात.

धागाकर्ती

राग नाही, मलाही तीच भीती आहे. म्हणून तर इथे विचारतेय.

हाडवैद्य नाही

फिजिओ आहे. गुडघे बदलल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन चालवतात, तेव्हा "3 महिने घरात पडून" असं त्यांच्या डोक्यात असेल तर ते काढा, व्यायाम चुकवले तर गुडघा आखडतो. मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद, घरात कमोड आहे का बघा, जिना असला तर आधीच सोय करा. डॉक्टरांनी हो म्हटलं की मैदानात येऊन बसू देत, पण हाताची, उंच खुर्ची, प्लास्टिकची बुटकी नको. आणि लॉबीच्या (मैदानाभोवतीच्या मोकळ्या पट्ट्याच्या) बाहेर बसवा, खांबाच्या रेषेत तर अजिबात नको, पोल डाइव्ह मारलेलं पोरगं सरळ नव्या गुडघ्यावर येईल.

सातपूरची आई

माझी मुलगी दुसऱ्या एका मैदानात जाते म्हणून आईच्या बाजूने. मुली आहेत तर रोज एक तरी बाई माणूस मैदानात पाहिजेच, आणि कोणीही एकटा मोठा माणूस पोरांबरोबर नको, कायम दोघं, कितीही ओळखीचा असला तरी. अण्णांवर 30 वर्षांचा विश्वास आहे, तुमच्यावर अजून नाही, हे पालक तोंडावर बोलणार नाहीत पण पोरगी पाठवणं बंद करतील. बाहेरगावच्या मॅचला लेखी परवानगी घ्या. पोरींचे फोटो आणि नंबर ग्रुपवर टाकू नका. आयांनाच विचारा की, संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून भाजी निवडायला आमची ना नाही.

धागाकर्ती (अपडेट)

सगळ्यांचे खूप आभार, प्रत्येकाला वेगळं उत्तर देत नाही. शनिवारी अण्णांकडे गेलो. मास्तरांचं ऐकून आराम हा शब्द काढला नाही, म्हटलं अण्णा वह्या दाखवा, शाळांची यादी उतरवून घ्यायचीये. तर माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक निघाली, दर वर्षाची एक वही, दोनशे पानी. नाव, जन्मतारीख, शाळा, रक्तगट, वडील कोणत्या शिफ्टला, घरी शेजाऱ्यांचा कोणता नंबर, सगळं. आकडेमोड, तुमच्यासाठी खास, शेवटच्या पानावर पैशाचा हिशेब पण होता, 1998 ला कोणी 2 चेंडू दिले तेही (खो-खोला चेंडू कशाला हे विचारू नका, आम्हीही नाही विचारलं).

काही नावांपुढे लाल टिंब होतं. आम्हाला वाटलं चांगले खेळाडू असतील, पण त्यात कधीच टीममध्ये न आलेली पोरं पण होती. अण्णा आधी सांगेनात. मग काकू म्हणाल्या, ज्या पोराच्या घरी दुपारी चूल पेटायची खात्री नसते त्याला टिंब. अशांना अण्णा प्रॅक्टिस संपली की "थांब रे, फक्कीचा डबा उचलायला मदत कर" म्हणून मागे ठेवायचे आणि चणे-गूळ नाहीतर राजगिऱ्याचा लाडू द्यायचे. 2006 आणि 2007 च्या वहीत माझ्या नावापुढे टिंब आहे. वडिलांची कंपनी तेव्हा बंद पडली होती. मला इतकी वर्षं वाटत होतं की मी फक्की चांगली टाकते म्हणून मला थांबवतात.

असो. ऑपरेशनची तारीख पक्की झाली, यावेळी काकूंनी स्वतः फोन करून पक्की केली. खुर्ची घेतली, शालिमारला, हाताची, उंच. अण्णांनी ती जिथे ठेवायची ठरलीये तिथे बसून पाहिलं आणि म्हणाले इथून पाठलाग करणाऱ्याचे पाय दिसत नाहीत, 3 फूट पुढे घ्या. नाही घेतली. या वर्षीची वही माझ्याकडे दिलीये, पण लाल पेन स्वतःकडे ठेवलंय, म्हणे ते मी खुर्चीवरून करीन. नोंदणीसाठी 7 पैकी 5 जणांच्या सह्या झाल्या, एक दुबईला आहे आणि एक फोन उचलत नाही (खवट गोदाकाठी, हसू नका). सातपूरच्या ताई, तीन आया तयार झाल्या, एक स्वतः कॉलेजला खेळलेली निघाली.

आता राहिलेलं विचारते. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी आणि अजून एक जण बघू, गुरुवार-शनिवार बाकीचे. सिडको, अंबड किंवा पाथर्डी फाट्याच्या बाजूला कोणी जुने खो-खोवाले आहेत का ज्यांना संध्याकाळी साडेपाच ते साडेसात जमेल? शिकवता नाही आलं तरी चालेल, दुसरं मोठं माणूस म्हणून उभं राहिलात तरी पुरे. आणि फक्की गोणीवर कुठे स्वस्त मिळते ते पण सांगा, अण्णांचा दुकानदार दुकान बंद करून गावी गेला. मंगळवार अजून पूर्ण रिकामा आहे.