क्रेन वगैरे काही लागत नाही हो

मध्ययुगीन सरदारांना चिलखतामुळे क्रेनने घोड्यावर चढवावं लागे, चिलखत घालून पडलं की उठताच येत नाही असं म्हणतात, ते काही खरं नाही. पंधराव्या शतकातलं लढाईचं पूर्ण पोलादी चिलखत साधारण 20-25 किलोचं आणि ते सगळं खांद्यावर लटकत नाही, अंगभर वाटलं जातं, पायांचे पत्रे कमरेपाशी बांधतात त्यामुळे माणूस आरामात पळतो, घोड्यावर चढतो, बुसिको नावाचा फ्रेंच सरदार तर म्हणे कोलांट्या मारायचा! आजच्या बुहुर्टमध्ये (चिलखत घालून खरोखर मारामारी करायचा खेळ) मात्र वजन वाढतं कारण बोथट असल्या तरी खऱ्या पोलादी कुऱ्हाडी पूर्ण ताकदीने डोक्यात बसतात, तेव्हा हेल्मेटच्या पत्र्यात आणि चिलखताखालच्या जाड गॅम्बेसनमध्ये (थर घालून शिवलेला कापडी अंगरखा) कंजूसी नको. स्वतः बनवायचं असेल तर 1361 च्या विस्बीच्या (स्वीडन) लढाईतल्या सामूहिक कबरींत सापडले तसले चिलखती कोट बघा, कापडाला आतून पत्रे रिव्हेट केलेले, छातीचा अख्खा पत्रा ठोकून घडवण्यापेक्षा खूप सोपं. कड्यांचं चिलखत घेणार असाल तर कड्या रिव्हेटवाल्याच घ्या, नुसत्या वाकवून जोडलेल्या स्वस्तातल्या कड्या फटक्याने उघडतात, फोटोपुरत्या ठीक. बाकी खरा त्रास उकाड्याचा, आणि हेल्मेटची झडप खाली केली की श्वासाचा.