उष्ट्रासन शिकवताना कंबर कशी सांभाळायची?

सायली_ठाणे: सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी योगवर्ग घेते. बहुतेकजणी पन्नाशीच्या आसपासच्या. भुजंगासन, शलभासन छान जमतं, पण उष्ट्रासनात (गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकत टाचा धरायच्या) निम्म्याजणींची कंबर धरते. टाचा पकडायची फार घाई असते. टप्प्याटप्प्याने कसं शिकवता तुम्ही?

गोदातीर: सायलीताई, आधी टाचांचं नावच काढू नका. बरगड्यांमुळे पाठीचा वरचा भाग मुळातच कमी वाकतो. त्यात जांघा आखडलेल्या असल्या की मांड्या मागे जातात आणि सगळा वाक कमरेवर पडतो. मी भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर उभं करते. गुडघ्यांत कमरेइतकं अंतर, मांड्या भिंतीला चिकटलेल्या, हात कमरेवर. माकडहाड खाली, छाती वर उचलायची, मगच मागे. मांड्या भिंतीपासून सुटल्या की त्या दिवशीची हद्द तीच. काही आठवडे एवढंच केलं तरी चालतं, खरंच. पुढे हात टेकायला मागे खुर्ची किंवा टाचांशेजारी योगासाठीच्या विटा (आधाराचे ठोकळे) द्या. मान सगळ्यात शेवटी, आणि ज्यांना चक्कर येते त्यांनी हनुवटी छातीकडेच ठेवावी. वर येताना दोन्ही हात कमरेवर, आधी छाती, मग डोकं. एका कुशीवर वळून उठू देऊ नका.

मंदार_फिजिओ: वरच्या सगळ्याला अनुमोदन. कुणाच्याही पाठीला हाताने ढकलून वाक वाढवू नका, हे मात्र अगदी कळकळीने सांगतो. मणका सरकलेला, हर्निया, पोटाची नुकतीच शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर उष्ट्रासन नको. हाडं ठिसूळ झाली असतील तर डॉक्टरांना विचारूनच, आणि त्यांना नंतरची पुढे वाकायची आसनंही जपून द्या, मणक्याला धोका तिथे जास्त असतो. पाय बधिर होणं किंवा कळ पायात उतरणं दिसलं की लगेच थांबवा.

पुणेरी_साधक: पुण्याला येणं जमलं तर योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींच्या संस्थेत चौकशी करा. खुर्ची, पट्टे, विटा, दोर वापरून हीच आसनं वयस्कांना कशी द्यायची, ते तिथल्या पद्धतीत फार बारकाईने शिकायला मिळतं.

सायली_ठाणे: मनापासून आभार! भिंतीपासूनच सुरू करते. एकीचे गुडघे फरशीवर टेकवतच नाहीत, तिला काय देऊ?

गोदातीर: जाड घोंगडीची घडी गुडघ्यांखाली. तरी दुखलं तर उष्ट्रासन सोडा. पाठीवर झोपवून, गुडघे वाकवून कंबर उचलायची, म्हणजे सेतुबंध, माकडहाडाखाली वीट. नंतर गुडघे पोटाशी घेऊन हलकी पिळाची आसनं, लगेच पश्चिमोत्तानासन (बसून पुढे वाकणं) नको.