'सौम्य' हा एकच शब्द सगळीकडे का चालवायचा?

प्रूफवाचक (धागाकर्ती)
औषधाच्या बाटलीवर 'सौम्य करून वापरा', बातमीत 'सौम्य लाठीमार', अग्रलेखात 'कायदा सौम्य केला', पाककृतीत 'दही घातल्याने चव सौम्य होते'. जोर, दाटपणा, तिखट, धार, विष यांपैकी काहीही कमी झालं की आपण 'सौम्य'वर येऊन थांबतो.

'सौम्य' हा मुळात स्वभावाचा शब्द, 'उग्र'च्या विरुद्धचा. तो आहे ती स्थिती सांगतो. आधी जास्त होतं आणि मग कमी झालं, हे त्यात येत नाही. सौम्य स्वभावाचा माणूस पूर्वी तापट होता असं कुणी धरत नाही. कमी होण्याची क्रिया सांगायला मराठीत क्रियापदं आहेत, आणि ती प्रत्येक वस्तूची वेगळी आहेत. पूर ओसरतो, ताप उतरतो, वादळ निवळतं, वारा पडतो, वेग मंदावतो, विंचूसुद्धा उतरतो. मुद्दाम कमी करायचं असेल तर गुळाने आंबटपणा मोडतो, मिठाने कारल्याचा कडूपणा मारतो. एवढं हाताशी असताना सगळीकडे 'सौम्य करणे' लिहिणं मला आळसाचं वाटतं.

सरळमराठी
असहमत. भाषेला असा एक सर्वांना कळणारा शब्द लागतोच. 'भूकंपाचा सौम्य धक्का', 'सौम्य लक्षणं', 'लहान मुलांसाठी सौम्य साबण' यात कुणाचा काय गोंधळ होतो? 'पातळ' म्हटलं की लोक आमटीच समजतात आणि 'क्षीण' म्हटलं की आजारी माणूस. राहिला 'विरल'. तो शाळेच्या पुस्तकाबाहेर कोण बोलतं? 'सौम्य' सातवीच्या मुलालाही कळतो आणि आजीलाही. तेवढं पुरे आहे.

परीक्षानळी
सरळमराठी, तुमची तिन्ही उदाहरणं बरोबर आहेत, कारण तिथे काहीच कमी *केलेलं* नाही. गडबड होते ती द्रावणांपाशी, आणि तिथे ती साधी नसते.

शाळेच्या विज्ञानात दोन वेगळ्या जोड्या आहेत. तीव्र आणि सौम्य ही आम्लाची जात. संहत (दाट) आणि विरल (पातळ) हे पाण्यातलं त्याचं प्रमाण. हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र, ॲसेटिक आम्ल सौम्य. पाणी घालून जात बदलत नाही. ०.१ मोलरचं ॲसेटिक आम्ल घ्या, त्याचा सामू (पीएच) साधारण २.९ येतो. हायड्रोक्लोरिक आम्ल पाणी घालून ०.००१ मोलरपर्यंत आणा, त्याचा सामू ३. आकडे जवळपास सारखे, तरी पहिलं सौम्य आहे आणि दुसरं विरल केलेलं तीव्र. उलट बाजूने बघा. निर्जल ॲसेटिक आम्ल जातीने सौम्यच, पण संहत असल्याने कातडी भाजतं. 'सौम्य आम्ल आहे' एवढंच ऐकून कुणी त्याला उघड्या हाताने शिवलं तर?

विरल करतानाही क्रम महत्त्वाचा. आधी पाणी, मग त्यात आम्ल, थोडं थोडं, ढवळत. संहत सल्फ्युरिक आम्लाची घनता १.८४ आहे. त्यावर पाणी ओतलं तर हलकं पाणी वर राहतं, दोन्ही भेटतात तिथे एकदम उष्णता निघते, पाणी उकळून आम्लासकट अंगावर उडतं. सूचनेत नुसतं 'सौम्य करा' छापलं तर यातलं काहीच पोचत नाही.

द्राक्षबाग
'विरल' कोण बोलतं असं वर विचारलंय. दर खरिपात आम्ही ज्वारी-बाजरीची विरळणी करतो. उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी जोमदार रोप ठेवायचं, बाकीची उपटायची, दोन रोपांत साधारण १५ सेंमी अंतर ठेवायचं. केस विरळ, वस्ती विरळ, डोंगरावर हवा विरळ. विरल आणि विरळ हा एकच शब्द आहे. 'विरळ करा' लिहा, गावात कुणालाही कळेल.

फवारणीत मात्र आम्ही सौम्यही म्हणत नाही आणि विरळही नाही. औषध 'कडक' झालं किंवा 'हलकं' पडलं, एवढंच. आणि प्रमाण सांगतो. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाचंच घ्या. एक टक्का म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद ५० लिटरमध्ये वेगळं, चुना ५० लिटरमध्ये वेगळा, भांडी प्लास्टिकची, लोखंडी नकोत. मग दोन्ही एकत्र, ढवळत. घासलेला विळा मिनिटभर बुडवायचा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुन्याची निवळी वाढवायची. नाहीतर पानं करपतात. कोवळ्या फुटीवर हलकं हवं तर अर्धा टक्का, म्हणजे मोरचूद आणि चुना ५००-५०० ग्रॅम, पाणी तेवढंच. आधी दाट मिश्रण करून नंतर पाणी वाढवू नका. कण जाड होतात, लवकर खाली बसतात, नोझल चोंदतो. आता याला 'सौम्य बोर्डो' म्हटलं तर कुणी काय घालायचं?

सरळमराठी
दादा, आकडा छापला पाहिजे हे शंभर टक्के मान्य. पण तो दोष आकडा न छापण्याचा आहे, शब्दाचा नाही. 'हलकं' म्हणूनही प्रमाण कळत नाहीच.

द्राक्षबाग
खरंय. पण 'हलकं' ऐकलं की माणूस लगेच विचारतो, किती? 'सौम्य' वाचलं की त्याला वाटतं औषधच निरुपद्रवी आहे, आणि तो तोंडाला फडकं बांधत नाही.

चूलवैल
स्वयंपाकघरात तर 'सौम्य' कुणाच्या तोंडीच नाही. तिथे जे कमी झालं त्याचं नाव घेतात. मीठ नाही तर अळणी. तिखट-मीठ-आंबट सगळंच कमी तर मिळमिळीत. पाणी जास्त तर पाणचट. आणि डाळ खाली, पाणी वर अशी आमटी झाली तर ती फुळकवणी. 'पातळ' ही तक्रार नाही. पातळ आमटी चवदार असू शकते, पाणचट असू शकत नाही.

म्हणूनच पाहुणे आले की आमटी 'वाढवतात', सौम्य करत नाहीत. एक वाटी तूरडाळीच्या आमटीत दीड वाटी पाणी वाढवायचं असेल तर ते उकळतंच घाला. गार घातलं की उकळी मोडते, आणि डाळ नीट घोटलेली नसेल तर तळाला बसते. पाण्याबरोबर पाव चमचा मीठ, चमचाभर चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, अर्धा चमचा गोडा मसाला. पाच मिनिटं उकळू द्या, वरून मोहरी-हिंग-कढीपत्त्याची छोटी फोडणी द्या. दाटपणा कमी झाला, चव नाही. हा फरक 'सौम्य'मध्ये बुडून जातो.

चहाचंही तसंच. 'फिका' म्हटलं की बऱ्याच घरांत साखर कमी असा अर्थ होतो. पत्ती कमी पडली तर तो पाणचट. कडकच्या विरुद्ध फिका नाही.

कुंचला
रंगकामातली एक भर. रंग 'पातळ' करणं आणि 'फिकट' करणं वेगळं. भिंतीच्या रंगात पाणी किंवा ऑइल पेंटमध्ये टर्पेंटाईन जास्त घातलं तर रंग फिकट होत नाही, त्याची झाकण्याची ताकद जाते. खालचा डाग दिसतो, ओघळ येतात, हात वाढवावा लागतो. फिकट हवा तर पांढरा मिसळायचा. जलरंगात मात्र पाणी घातलं की फिकट होतो, कारण खालचा कागद दिसायला लागतो. गिऱ्हाइकाने 'जरा सौम्य करा' म्हटलं की आधी विचारून घ्यावं लागतं, छटा की थर?

वृत्तटेबल
बातमीतल्या वापराबद्दल मी निम्मा सरळमराठींच्या बाजूने आहे. तिथे प्रत्येक पर्यायी शब्द बाजू घेतो. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायद्याखाली अटकेआधी परवानगी आणि प्राथमिक चौकशीची अट घातली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून ती काढली. मार्चच्या निकालाला 'धार बोथट झाली' म्हटलं की तक्रार आली. 'तरतुदी शिथिल झाल्या' म्हटलं की सुटकेचा सूर आला, कारण शिथिल होतात ते निर्बंध, करोनाकाळातल्यासारखे, आणि ते पुन्हा आवळता येतात. 'सौम्य' त्यातल्या त्यात मधला.

भूमिकेसाठी 'मवाळ' आहे. १९०७ च्या सुरत काँग्रेसपासून जहाल-मवाळ ही जोडी इतकी रुळली आहे की 'पक्षाने भूमिका सौम्य केली' लिहायची गरजच नाही. आणि 'सौम्य लाठीमार' मी कापतो. ते पोलिसांच्या निवेदनातलं विशेषण आहे. ते बातमीदाराने आपल्या तोंडी घेऊ नये. लाठीमार झाला, इतके जखमी, एवढं लिहावं.

प्रूफवाचक
वृत्तटेबल, मग तिथे 'सौम्य'ही घेऊ नका. 'अटकेआधी परवानगीची अट घातली' हेच लिहा. काय बदललं ते सांगितलं की विशेषण लागत नाही.

लशींचा मुद्दा राहिला. क्षयावरच्या बीसीजी लशीचा जिवाणू काल्मेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं, सुमारे २३० वेळा, पित्त आणि ग्लिसरीन घातलेल्या बटाट्याच्या कापांवर पुनःपुन्हा वाढवून दुबळा केला. तो जिवंत राहतो, पण रोग घडवण्याची ताकद गमावतो. याला 'क्षीण केलेला' किंवा 'दुबळा केलेला' म्हणावं. 'सौम्य जिवाणू' वाचून तो जन्मतःच गरीब होता असं वाटतं, आणि तेरा वर्षांचं काम त्या शब्दातून निघून जातं.

सरळमराठी
लशीचं पटलं. द्रावणांचंही पटलं, तिथे 'विरळ'. पण ताप, लक्षणं, धक्का, साबण यांवरून 'सौम्य' हलवायला माझा विरोध कायम आहे.

प्रूफवाचक
तिथून हलवायचा नाहीच. जे मुळातच उग्र नाही, ते सौम्य.

परीक्षानळी
'उतरणे'साठी एक उदाहरण. गाडीची बॅटरी 'उतरली' म्हणतो तेव्हा आतलं आम्ल खरोखर विरळ झालेलं असतं. सल्फ्युरिक आम्ल शिशाच्या पट्ट्यांवर खर्ची पडतं आणि पाणी तयार होतं. भरलेल्या बॅटरीत द्रावणाचं विशिष्ट गुरुत्व १.२६ ते १.२८ असतं, पूर्ण उतरलेल्या बॅटरीत १.१२ च्या आसपास येतं. चार्ज केली की ते पुन्हा चढतं. म्हणून पातळी खाली गेली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आम्ल नाही. उडालेलं असतं ते पाणी, आम्ल आतच असतं. गॅरेजमध्ये कुणीही 'बॅटरी सौम्य झाली' म्हणत नाही. उतरली आणि चढली, दोन शब्दांत काम होतं.